ब्लूग्रासमधली संगत : नॅशव्हिलच्या ‘स्टेशन इन’मधला एक रविवार

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या बाराव्या अव्हेन्यूवर, काचेच्या उंच इमारतींच्या गराड्यात, दगडी भिंतींची एक बुटकी वास्तू आहे. ‘स्टेशन इन’ ही पाटी नसती तर जुने गोदाम समजून कोणीही पुढे निघून गेले असते. ब्लूग्रास या अमेरिकी तंतुवाद्यप्रधान लोकसंगीताच्या काही वादकांनी एकत्र येऊन १९७४ मध्ये सुरू केलेले हे गाण्याबजावण्याचे ठिकाण १९७८ पासून याच जागी आहे. रविवारी संध्याकाळी येथे जॅम, म्हणजे वादकांची खुली मैफल, भरतो. ज्याच्याकडे वाद्य आहे त्याने यावे, वर्तुळात खुर्ची ओढून बसावे आणि वाजवावे, एवढाच त्याचा रिवाज. ऐकणाऱ्यांना प्रवेशमूल्य नाही. मी ऐकणाऱ्यांपैकी होतो आणि माझे लक्ष सगळा वेळ फिडलवर (लोकसंगीतातल्या व्हायोलिनवर) होते, कारण गेले काही महिने मी फिडलवादक केनी बेकर यांच्या ध्वनिमुद्रणांखेरीज फारसे काही ऐकलेले नाही.

बेकर यांचा जन्म १९२६ मध्ये केंटकीच्या कोळसापट्ट्यातला. घरात वडील आणि आजोबा दोघेही फिडल वाजवत. नौदलातली नोकरी आणि कोळशाच्या खाणीतले काम यांतून वाट काढत ते १९५०च्या दशकात गायक डॉन गिब्सन यांच्या वाद्यवृंदात आले आणि १९५७ मध्ये ब्लूग्रासचे जनक मानले जाणारे मँडोलिनवादक बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या वाद्यवृंदात दाखल झाले. पुढे दोनदा ते मन्रोंना सोडून खाणीच्या कामावर परतले, कारण घर चालवायला खाणीतला पगार अधिक भरवशाचा होता. १९६८ मध्ये मात्र ते परत आले ते १९८४ पर्यंत टिकले. मन्रोंच्या हाताखाली इतका दीर्घ काळ दुसऱ्या कोणत्याही फिडलवादकाने काढलेला नाही, आणि व्यासपीठावर त्यांची ओळख करून देताना मन्रो त्यांना ब्लूग्रासमधला सर्वश्रेष्ठ फिडलवादक म्हणत. बेकरांना फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचे झुलत्या लयीचे स्विंग वादन मनापासून आवडे. त्यामुळे त्यांच्या लांब, सलग गजात एक गुळगुळीत डौल आला, आणि मन्रोंच्या धारदार मँडोलिनशेजारी तो विशेष खुलून दिसे. सत्तरच्या दशकात त्यांनी केवळ मन्रोंच्या रचनांचा एक अल्बम केला, तेव्हा मँडोलिन वाजवायला स्वतः मन्रो बसले होते. मन्रोंपासून दूर झाल्यावर त्यांनी डोब्रो (आडवी धरून वाजवायची गिटार) वाजवणारे जॉश ग्रेव्ह्ज यांच्या जोडीने बरेच वादन केले. १९९३ मध्ये त्यांना लोककलावंतांना दिली जाणारी अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेकरांचे एकल वादन सर्वांनाच ठाऊक आहे. मला ते संगतकार म्हणून त्याहून मोठे वाटतात. गायकाची ओळ चालू असताना ते जवळजवळ नसल्यासारखे असतात. ओळ संपून गायक श्वास घेतो त्या नेमक्या फटीत दोन तारांवरून एक छोटीशी जागा येते आणि पुढची ओळ सुरू होण्याआधी आटोपते. हे प्रत्यक्षात कसे घडते हे मला समोरून पाहायचे होते.

ते पाहायला मिळाले. वर्तुळात त्या दिवशी आठ-नऊ गिटार, तीन बँजो, तीन मँडोलिन, एक उभा बेस आणि चार फिडल होती. ज्याची पाळी येई तो गाण्याचे नाव आणि स्वर सांगे, पहिल्या काही मात्रा स्वतः सुरू करून देई, मग प्रत्येक वादकाकडे नजरेने इशारा करून एकेक आवर्तन सोपवी आणि शेवटी पाय उचलून थांबण्याची खूण करी. चार फिडलवादकांपैकी एक वयस्कर गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या फिडलच्या घोडीखाली राळेची पांढरी भुकटी साचलेली होती, आणि ते वाद्य हनुवटीखाली न धरता जरा खाली, छातीशी टेकवून धरत. एका मंद लयीच्या गाण्यात गाणाऱ्या बाईंचा आवाज खालच्या पट्टीत गेला, तेव्हा त्यांनी गज तारांवरून उचलला आणि पूर्ण दोन ओळी हात मांडीवर ठेवून ते नुसते ऐकत राहिले. तिसऱ्या ओळीच्या शेवटी, बाईंनी श्वास घेतला त्या क्षणी, खालच्या दोन तारांवर एकच लांब गज ओढला. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले आणि पुढचे कडवे आधीपेक्षा सावकाश, मोकळेपणाने म्हटले. संध्याकाळभरात मला याहून सुंदर काही ऐकू आले नाही, आणि ते वाजवायला फार तर तीन सेकंद लागले असतील.

उणेही सांगायला हवे. वर्तुळातला एक तरुण फिडलवादक बोटांनी विलक्षण तयार होता, पण इतरांच्या गाण्यावरसुद्धा सतत भरभर स्वर ओतत राहिला आणि त्यामुळे दोन चांगली गाणी शब्दांनिशी वाहून गेली. त्याच्या स्वतःच्या आवर्तनात तो फार छान वाजला, म्हणूनच वाईट वाटले. दुसरी अडचण जॅमच्या स्वरूपातच आहे: वादक एकमेकांकडे तोंड करून, ध्वनिवर्धकाशिवाय वाजवतात, त्यामुळे मागच्या टेबलांवर बँजो आणि गिटार पोचतात, पण फिडलची संगत अजिबात पोचत नाही. पहिला अर्धा तास मी मागे बसलो तो वाया गेला. शेजारच्या टेबलावर चौघेजण घरांच्या किमतींवर तावातावाने बोलत होते. मग उभा राहून, भिंतीच्या कडेने सरकत, मी त्या वयस्कर गृहस्थांच्या खुर्चीमागे जाऊन थांबलो. कोणी हटकले नाही.

शेवटाकडे कोणीतरी ‘जेरुसलेम रिज’ सुचवले. मन्रोंची ही रचना चार भागांची आहे आणि बेकरांच्या गजामुळेच ती फिडलवादकांच्या पाठांतरात जाऊन बसली. चारही फिडल एकदम उठली. तरुणाने पहिले आवर्तन घेतले, झपाट्याने आणि स्वच्छ. वयस्कर गृहस्थांनी पुढचे घेतले, थोड्या कमी स्वरांत, आणि तिसऱ्या भागात जिथे बेकर गज लांबवतात तिथेच लांबवला. ते वाजत असताना तरुणाने स्वतःचे फिडल खाली केले होते आणि तो त्यांच्या उजव्या मनगटाकडे पाहत होता.

येथे जायचे असेल तर लवकर जावे, कारण बसण्याच्या जागा राखून ठेवत नाहीत. आणि वर्तुळाच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे, शक्यतो फिडलवादकांच्या पाठीशी.