ऊसतोडीला निघण्याआधी गोवरचा दुसरा डोस: आत्ता, तिकडे की आखाजीला परतल्यावर?

दिवाळी आटोपली की शहादा, तळोद्याकडच्या पाड्यांवरून ट्रक भरून माणसं गुजरातेत बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला निघतात. परततात ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास. यंदा निघायच्या तीन आठवडे आधी आमच्या सालदाराची सून लसीकरणाचं कार्ड घेऊन ओट्यावर येऊन बसली. मुलगा पंधरा महिन्यांचा. "ताई, पोऱ्याले आतेच सुई दी टाका ना," एवढंच तिचं म्हणणं. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर 16 ते 24 महिन्यांत आहे. म्हणजे महिना कमी पडत होता, आणि सोळा महिने पूर्ण होतील तेव्हा ही माणसं फडात, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, असणार.

आपण दोन्ही सुयांना सरसकट बूस्टर म्हणतो, पण त्यांचं काम वेगळं आहे. डीपीटीचा बूस्टर खराखुरा बूस्टर: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्याविरुद्ध तयार झालेली आणि हळूहळू ओसरत जाणारी ताकद तो पुन्हा वर आणतो. त्यासाठी मागच्या डोसनंतर निदान सहा महिने गेलेले हवेत. गोवरचं तसं नाही. नवव्या महिन्यात दिलेला पहिला डोस साधारण 85 टक्के मुलांनाच लागू पडतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं त्या वयात काही मुलांच्या अंगात अजून असतात आणि लसीला काम करू देत नाहीत. दुसरा डोस आहे तो या उरलेल्या मुलांसाठी. आपलं मूल त्यांत आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. म्हणून लवकर घ्यायचाच झाला तर गोवरचा डोस लवकर घेण्याला अर्थ आहे. डीपीटीची तेवढी घाई नाही.

आता तिच्यापुढचे तीन रस्ते.

परतल्यावर घ्यायचं, हा सगळ्यात सोपा. आखाजीला पोरगा एकवीस महिन्यांचा होईल, म्हणजे कागदावर उशीर झालेला नाहीच. पण मधले सहा महिने तो कुठे राहणार? फडाजवळ एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, पाच-पंचवीस पोरांच्या घोळक्यात. गोवरचा रुग्ण उठून गेला तरी त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि लस न घेतलेल्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो. अंगावर मांस नसलेल्या पोराला गोवर झाला की मागून न्यूमोनिया, जुलाब येतात, डोळे जाण्याची भीती असते, आणि नंतर कित्येक महिने इतर आजारांशी झुंजायची ताकदही कमी होते. मला हा रस्ता मुळीच पटत नाही.

तिकडे गेल्यावर घ्यायचं, हा रस्ता चांगला आहे आणि लोक तो उगाच विसरतात. वेळापत्रक देशभर एकच आहे, गुजरातमध्येही गावोगाव ममता दिवस, म्हणजे लसीकरणाचा ठरलेला दिवस, असतो, लस मोफत मिळते. अडचण एवढीच की टोळी कुठल्या फडावर उतरेल हे आधी माहीत नसतं, आणि दिवसाचा खाडा करून केंद्र शोधत जाणं सगळ्यांना जमत नाही.

निघण्याआधी इथेच घ्यायचं, तर खासगी बालरोगतज्ज्ञाकडे वाट आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या एकत्र लसीचा) दुसरा डोस 15 महिन्यांनाच आहे, म्हणजे हे अवेळी मुळीच नाही. पैसे मात्र पडतात. म्हणून आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटून, आम्ही अमुक तारखेला निघतोय, असं स्पष्ट सांगावं.

मी तिला सांगितलं: गोवरचा इथेच घे, डीपीटी तिकडे सोळा महिने झाल्यावर. पण निघायच्या आदल्या दिवशी नको. डीपीटीचा ताप त्याच रात्री येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. गोवरच्या लसीचा ताप किंवा पुरळ आलंच तर आठवडाभराने, सात ते बारा दिवसांनी येतं. आदल्या दिवशी सुई घेतली तर पोरगा तापेल तो फडावर, आणि आईला कळणारही नाही की हे लसीमुळे आहे. शिवाय लस अंगी लागायलाही दोनेक आठवडे जातात. म्हणून निघायच्या तारखेपासून मागे दोन आठवडे मोजायचे. साधी सर्दी, हलका खोकला असेल तर लस पुढे ढकलायचं कारण नाही. जोराचा ताप किंवा मागच्या डोसला झालेला मोठा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना दिला जाणारा शून्य डोस ही वेगळी गोष्ट आहे. 2022 च्या नोव्हेंबरात मुंबई, मालेगाव, भिवंडीत साथ होती, तेव्हा नऊ महिन्यांखालचे रुग्ण 10 टक्क्यांहून जास्त असलेल्या भागांसाठी केंद्र सरकारने तो सुचवला. तो नेहमीच्या दोन डोसांत धरायचा नाही.

खासगीत सुई घेतली की दोन गोष्टी हमखास राहतात: जीवनसत्त्व अ आणि पोलिओचा बूस्टर. जीवनसत्त्व अ चा दुसरा डोस, चमच्याने 2 मिली, याच वयातला; तो उपकेंद्रात मिळतो. मी तिच्याबरोबर गेले तेव्हा सिस्टरने कार्डावर दवाखान्यातल्या सुईची तारीख निळ्या पेनाने चढवली, डीपीटीच्या चौकटीत पेन्सिलीने "गुजरात" लिहिलं आणि यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवर नोंद तपासायला मोबाईल नंबर पुन्हा विचारला. सुनेने कार्ड घडी घालून रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सरकवलं.