युरियाचे पोते आणि कतारचा वायू : तालुक्यातील एका कृषी सेवा केंद्राविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या या केंद्रात बियाणे खात्रीचे मिळते. युरिया मात्र जपून घ्यावा. ४५ किलोच्या पोत्यावर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात, पावतीही तेवढ्याचीच मिळते, परंतु पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, खत देण्याची वेळ आली की सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घेतल्याशिवाय पोते गोदामातून हलत नाही. हे लिंकिंग, म्हणजे एका मालासोबत दुसरा गळ्यात मारणे, नियमबाह्य आहे, आणि ते मालकांनाही ठाऊक आहे.

‘वरूनच माल नाही’ हे त्यांचे उत्तर अगदीच खोटे नव्हे. युरियासाठी लागणारा अमोनिया आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून तयार होतो आणि देशाला लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा द्रवरूपात जहाजांनी, त्यातही सर्वाधिक कतारहून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाचा वायू आटला, युरोप याच जहाजांवर तुटून पडला आणि जागतिक भाव भडकले. तरी आपल्या पोत्याची किंमत हलली नाही, कारण फरक केंद्र सरकारच्या अनुदानाने सोसला. दुकानदाराला त्याची झळ नव्हती. तेव्हा बाटलीचे खापर कतारवर फोडता येणार नाही. खत घेताना शेतकऱ्याची ओळख पटवणारे अंगठ्याचे यंत्र तेवढे येथे चोख चालते.