ज्वारीचं पीठ, जालन्याची मोसंबी आणि साडेसातशे वॅटचा वॉफल मेकर

हिरवा दिवा लागला की वॉफल, म्हणजे दोन तापल्या प्लेटींत भाजलेली खाचाखाचांची जाड पोळी, तयार, असं मशीनच्या खोक्यावर छापलंय. ते मैद्यापुरतं खरं आहे. ज्वारीचं पीठ घालून हिरव्या दिव्यावर झाकण उचललं, की अर्धा वॉफल वरच्या प्लेटीला, अर्धा खालच्या, आणि मधे ओला लगदा. दिव्याकडं बघूच नका, वाफेकडं बघा. फटीतून वाफ यायची पार थांबली की मग झाकण उघडा. ज्यांच्या घरी मशीन आधीच आलंय त्यांनी एवढं वाचून उठलं तरी चालेल. बाकीचं घेणाऱ्यांसाठी.

माझं जालन्यात मोटार वायंडिंगचं दुकान आहे. खाण्याच्या वस्तूंवर लिहिणं हा आपला धंदा नाही, पण घरात विजेवर चालणारं काही आलं की ते आधी माझ्या हाताखालून जातं. हे मशीन सूनबाईनं मागवलं ते नातीसाठी. नातीला सिलिॲक आहे. गव्हातल्या ग्लुटेननं, म्हणजे कणीक धरून ठेवणाऱ्या चिकट प्रथिनानं, तिच्या लहान आतड्याला इजा होते. रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा पक्कं कळलं. याला गोळी नाही, गहू जन्मभर बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ चालतो, त्यामुळं मराठवाड्यातल्या घराला जेवणाची फारशी अडचण नाही. भाकर तर होतीच. अडचण होते न्याहारीची. वर्गातल्या पोरी रविवारी काय खाल्लं ते सांगतात, आणि आमची विचारते, "आबा, मला काहून नाही?"

शहरात वॉफलची दुकानं आहेत, तिथं न्यायला पैसे पडले असते तेवढेच. पण तिथं सगळ्यांसाठी तीच प्लेट, तोच चमचा. आपण ज्वारीचं पीठ नेऊन दिलं तरी खाचेत आधीच्या मैद्याचे कण असणारच. पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणजे चिमटीभर मैदाही लई झाला. त्याच कारणानं गिरणी आम्ही सोडली. आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की आपली ज्वारी त्याच दगडात पडते. आता घरघंटी आहे, आणि तिच्यात गहू घालायचा नाही हा घरातला कायदा. डबीतला हिंगसुद्धा तपासून घ्या. बऱ्याच हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं.

आता मशीन. साडेसातशे वॅट, दोन खणांचं. आल्या आल्या मी अर्थिंग तपासलं. पत्र्याच्या अंगाला तीन पिनी पाहिजेतच, आणि तिसरी पिन नुसती शोभेची नाही ना तेही बघायला पाहिजे. याची बरोबर निघाली. सव्वातीन अँपिअरच्या आसपास करंट घेतं, म्हणजे साध्या सॉकेटवर चालतं, गीझरचा जाड सॉकेट नको. वायर मात्र हातभर. आमच्या ओट्यावर मिक्सरच्या बोर्डापर्यंत ती पोचत नाही, आणि गरम मशीन एक्स्टेन्शनवर चालवायला मी घरात कुणाला देत नाही. शेवटी सॉकेटच खाली घेतला. गिऱ्हाइकानं बोर्ड हलवायचा म्हणजे कंपनीनं चार रुपयांची वायर वाचवली.

त्या दिव्याचं असं आहे. आत थर्मोस्टॅट असतो, दोन धातूंची जोडपट्टी. प्लेट ठरावीक तापली की पट्टी वाकते, सर्किट तुटतं, दिवा बदलतो. प्लेट तापली एवढंच त्याला कळतं. पीठ शिजलं का नाही हे त्याच्या गावीही नसतं. ज्वारीचं पीठ पाणी जास्त ओढतं, ते पाणी वाफ होऊन जायला वेळ लागतो, आणि पाणी गेल्याशिवाय कडा कडक होत नाहीत. त्यात आमच्याकडं रब्बीत शेतीपंप सुरू झाले की सकाळचं व्होल्टेज 190 वर बसतं. 230 चं 190 म्हणजे थोडकंच उतरलं असं वाटतं, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं उतरते. साडेसातशेचं मशीन मग जेमतेम पाचशे दहा वॅटचं काम करतं. अशा सकाळी घड्याळाचाही भरवसा नाही. म्हणून वाफ.

पिठाचं सांगतो, कारण मशीन चांगलं असून लोक त्यालाच नावं ठेवतात ते पिठामुळं. ज्वारीत ग्लुटेन नाही म्हणजे धरून ठेवणारं काही नाही. आमच्या मंडळींनी ते भाकरीसारखंच सोडवलं. वाटीभर पिठातलं अर्धं पीठ आधणाच्या पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. त्यानं चिकटपणा येतो. निवल्यावर उरलेलं पीठ, दोन चमचे तांदळाचं पीठ, एक पिकलेलं केळं कुस्करून, एक अंडं, चमचाभर तूप, गूळ आणि मीठ. सोडा अगदी शेवटी, ताकात फेसून. अंडं खात नसाल तर जवस भाजून कुटायचं आणि त्यातलं चमचाभर घेऊन कोमट पाण्यात भिजवायचं. बुळबुळीत झालं की तेच अंड्याचं काम करतं. तांदळाचं पीठ वगळू नका, कुरकुरीतपणा त्याचा आहे. पीठ ताजंच पाहिजे. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकर तुटते, तसा वॉफलही उचलताना तुकडे होऊन येतो. पाकिटातलं ज्वारीचं पीठ आम्ही एकदा आणलं, त्याला काही केल्या धरच नव्हता.

पीठ डोशापेक्षा दाट, भज्यापेक्षा सैल. खाचेत ओतल्यावर चमच्यानं कोपऱ्यापर्यंत ढकलावं लागतं, मैद्यासारखं आपसूक पसरत नाही. प्लेटीला तुपाचा बोळा फिरवायचा आणि मशीन पुरतं तापल्यावरच ओतायचं. ओतल्याबरोबर चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर थांबा. मग झाकण लावून हात मागं. पहिल्या मिनिटाला वाफेचा नुसता लोट येतो, हळूहळू तो दोऱ्यासारखा बारीक होतो, मग बंद. तेव्हा भाजलेल्या भाकरीचा वास सुटलेला असतो. झाकण जड लागलं तर ओढू नका, अजून थोडं राहू द्या; झालेला वॉफल आपण होऊन सुटतो.

फळं पिठात घालू नयेत, केळं सोडून. चिकू घातला तर त्यातली साखर खाचेत जळते, आणि प्लेटी निघत नाहीत हा या मशीनचा मोठा दोष. मऊ ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं खाच-खाच पुसत बसावं लागतं. तारेची घासणी लावली की कोटिंग गेलंच समजा. सीताफळ तर चुकूनही तापवू नका. बीडचं, बालाघाटातलं, साखरेसारखं गोड सीताफळ असलं तरी त्याचा गर जास्त तापला की कडू होतो. बिया काढून, गार गर वरून घालायचा, त्याच्यावर दुसरं काही नको.

मोसंबी जालन्याची, घरची म्हणा ना. पण नुसत्या फोडी ठेवल्या तर वॉफल भिजून गोळा. सूनबाई फोडींची साल काढते, त्या चाळणीत निथळत ठेवते, आणि खाली पडलेल्या रसात गूळ घालून पळीभर पाक आटवते. पाक आधी, फोडी नंतर, आणि ताट लगेच पुढ्यात. "मामा, आधी खा, मग फोटो काढा," असं मला ऐकवलं जातं ते यामुळंच. मे महिन्यात केशर आंबा आला की मोसंबीला कुणी विचारत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर पेरू, बारीक चिरून, वर मीठ-तिखट. नातीला ते बिलकूल मान्य नाही.

झाकणाची प्लॅस्टिकची कडी काही महिन्यांतच तुटली. कंपनीला फोन केला तर सुटा भाग मिळत नाही, म्हणाले. मी पितळेची पट्टी वाकवून बसवली. ज्यांच्या घरी वायंडिंगवाला नाही त्यांनी घेतानाच कडी दाबून-सोडून बघा, आणि कब्जा किंचित सैल आहे ना तेही बघा. पीठ फुगलं की वरची प्लेट उचलली गेली पाहिजे. कडेला पन्हाळी असलेलं मिळालं तर तेच घ्या, आमच्याला नाही, जास्तीचं पीठ थेट ओट्यावर उतरतं. विजेची चिंता नको. वीस मिनिटं सलग चाललं तरी पाव युनिट.

चार खणांचं मोठं मशीन मात्र विचार करून घ्या. आमचंच घरच्या इन्व्हर्टरवर टाकलं की तो ओरडायला लागतो, मोठं तर विसराच. आणि डब्यात द्यायचा विचार असेल तर गरम असताना एकावर एक रचू नका, जाळीवर सुटे ठेवा. गार झाला की ज्वारीचा वॉफल पुठ्ठ्यासारखा होतो. तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजू परतल्या की पुन्हा खाण्याजोगा होतो, पण शाळेत तवा कुठला? म्हणून डब्याला अजून धिरडंच जातं.