ट्रॅकवर पळणाऱ्या रोजच्या गाडीतला कॉइलओव्हर किट: काय टिकलं, काय नाही

कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉक यांचा, उंची बदलता येणारा सस्पेन्शनचा संच. किटचं नाव देत नाहीये कारण यातल्या बऱ्याच गोष्टी या दर्जाच्या कुठल्याही किटला लागू होतात, आणि एका गाडीवरून एखाद्या कंपनीला चांगलं वाईट ठरवणं मला पटत नाही. सेटअप सांगतो. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा खांबच चाक वरून धरतो), मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म), मोनोट्यूब कॉइलओव्हर, कंप्रेशन आणि रिबाउंड (शॉक दाबला जाताना आणि परत उघडताना होणारा विरोध) एकाच नॉबवर, पुढे 8 किलो प्रति मिमीची लिनियर स्प्रिंग म्हणजे साधारण 78 न्यूटन प्रति मिमी, वर पिलोबॉल (रबराऐवजी धातूचं गोल बेअरिंग) टॉप माउंट कॅम्बर प्लेटसकट (कॅम्बर म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, तो इथून बदलतो), मागे रॉड एंडवाले (टोकाला थ्रेडवाला धातूचा बॉल जॉइंट असलेले) अॅडजस्टेबल आर्म, लिंक रॉड (झुकाव रोखणारा अँटिरोल बार सस्पेन्शनला जोडणाऱ्या काड्या) पण आफ्टरमार्केट आणि बुश (आर्मच्या सांध्यातले, एरवी रबराचे असणारे गोल तुकडे) पॉलीयुरेथेनचे. गाडी रोज ऑफिसला जाते, सामान आणते, आणि जमेल तेव्हा ट्रॅक डेला जाते. टायर चिकट, 200 ट्रेडवेअरचे (हा झिजेचा आकडा, जितका कमी तितका टायर सहसा चिकट आणि लवकर झिजणारा).

लोक विचारतात ट्रॅकवर टिकतं का. माझ्या मते प्रश्न उलटा विचारायला पाहिजे, रस्त्यावर टिकतं का. ट्रॅकवर लोड जास्त असतो, उष्णता असते, कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आपटतं हे सगळं खरं, पण ट्रॅकचा पृष्ठभाग स्वच्छ आणि सपाट असतो आणि वेळ थोडा असतो. रस्त्यावर मात्र रोज धूळ, पाणी, चिखल, खड्डे, स्पीड ब्रेकर आणि प्रत्येक किलोमीटरला जॉइंटची हजारो बारीक बारीक हालचाल. रेसिंगच्या गाडीत हेच पिलोबॉल ठराविक तास झाले की काढून फेकतात, तिथे कोणी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं चालायची अपेक्षाच ठेवत नाही. आणि आपण तेच पार्ट लावून रोजच्या ट्रॅफिकमध्ये फिरतो.

आधी चांगलं सांगतो. डॅम्पर म्हणजे शॉक जबरदस्त निघाले. मोनोट्यूबमध्ये तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, गॅसचा दाब असल्यामुळे तेलात फेस होत नाही, त्यामुळे सेशनच्या शेवटी शेवटी गाडी डुलायला लागते तो प्रकार इथे मला जाणवला नाही, पहिल्या लॅपला जशी वळते तशीच शेवटच्या लॅपला. शाफ्टवर तेलाचा पातळसा थर दिसतो, त्याला घाबरायचं कारण नाही, सील ओला राहायलाच लागतो. थेंब ओघळायला लागला किंवा त्यावर धूळ चिकटून काळा चिखल जमला की मात्र सील गेला समजा. माझ्या चारही शॉकपैकी कुठल्याचा गेलेला नाही. तरीसुद्धा ते रीबिल्ड करता येतात ही गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची होती, सील, तेल, गॅस बदलून शॉक डायनोवर (शॉकचा विरोध मोजणाऱ्या मशीनवर) तपासून परत मिळतो. सीलबंद शॉक असेल तर तो गेला की सरळ कचऱ्यात आणि तोपर्यंत तुमची दुसरी बाजू पण जुनी झालेली असते.

हाइट खालच्या ब्रॅकेटवरून अॅडजस्ट होते त्यामुळे गाडी खाली घेतली तरी शॉकचा ट्रॅव्हल तेवढाच राहतो, हे पण छान. पण म्हणून फार खाली घेऊ नका, अगदी मनापासून सांगतोय. मॅकफर्सनमध्ये गाडी जितकी खाली जाते त्यापेक्षा रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो) जास्त वेगाने खाली जातं, लोअर आर्म चाकाकडे वर चढायला लागला की गाडी कडक स्प्रिंग असूनही जास्त झुकायला बघते आणि बंप स्टीअर (चाक वरखाली होताना आपोआप वळणं) वेगळाच. शिवाय बॉल जॉइंट आणि ड्राइव्हशाफ्ट अशा कोनात चालतात ज्यासाठी ते बनवलेलेच नाहीत. अर्धे "आफ्टरमार्केट पार्ट टिकत नाहीत" हे किस्से खरं तर अति खाली घेतलेल्या गाडीचे किस्से असतात.

आता टॉप माउंट, इथे माझी खरी नाराजी आहे. बाकी किट अजून नवं वाटत असताना पुढच्या डाव्या बाजूने खटखट सुरू झाली, ती पण ट्रॅकवर अजिबात नाही, हळू वेगात खडबडीत रस्त्यावर. मग उजवीकडून. वरती पिलोबॉलला कुठलंही कव्हर नाही, बॉनेट उघडलं की बेअरिंग उघडं दिसतं आणि खालून चाकाने उडवलेलं पाणी वर जातं. आतल्या पांढऱ्या टेफ्लॉनच्या लायनरमध्ये एकदा वाळूचा कण गेला की तो घासत राहतो आणि प्ले म्हणजे ढिलेपणा येतो, ग्रीस मारून काही होत नाही, उलट ग्रीसला धूळ जास्त चिकटते. कंपनीने एवढे चांगले डॅम्पर बनवून त्यावर एक साधं रबरी बूट द्यायचा विचार करू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. तपासायचं असेल तर गाडी चाकांवर उभी ठेवून बॉनेट उघडा, शाफ्टच्या टोकावर बोट ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी फेंडर धरून गाडी वरखाली आणि आडवी हलवायला सांगा, प्ले असेल तर बोटाला टिकटिक लगेच कळते. आणि कोणी म्हणालं की पिलोबॉलचा आवाज नॉर्मल असतो तर ऐकू नका, नवीन पिलोबॉलमधून रस्ता जास्त ऐकू येतो हे मान्य पण खटखट म्हणजे झीज. सुदैवाने बेअरिंग स्टँडर्ड मापाचं आहे आणि वेगळं मिळतं, प्रेस करून बसवता येतं. वेगळं मिळत नसतं तर हा किट मी कोणालाच सुचवला नसता.

मागच्या रॉड एंडवाल्या आर्मचं पण तसंच, फक्त त्यात धोका जास्त. टॉप माउंट खटखट करतो, रॉड एंड मोडला तर चाक कुठे बघेल सांगता येत नाही. रॉड एंड ओढायला आणि दाबायला बनवलेला असतो, वाकवायला नाही. ज्या आर्मवर स्प्रिंग किंवा शॉक बसतो तिथे थ्रेडला वाकवणारा लोड येतो आणि क्रॅक बहुधा थ्रेडच्या मुळाशीच सुरू होतो, बाहेरून दिसतही नाही. म्हणून चाकाचे कोन ठरवणाऱ्या टो आर्म आणि कॅम्बर आर्मला मी रॉड एंड ठेवलेत, त्यावर रबरी सील बूट चढवलेत, पण स्प्रिंगचा लोड घेणारा लोअर आर्म ओरिजिनल आहे आणि तोच राहणार. जॅम नट (आर्मची लांबी पक्की धरणारा नट) सैल होणं ही यांची दुसरी खोड. प्रत्येक नट टॉर्क रेंचने घट्ट करून त्यावर पेंट मार्करने रेघ मारा, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय, झोपून टॉर्च मारायला दोन मिनिटं लागतात.

बोल्टबद्दल कोणी बोलतच नाही! स्ट्रट नकलला (चाकाचं हब धरणाऱ्या भागाला) जिथे जोडतो तिथे बरेच जण कॅम्बर मिळवायला इक्सेन्ट्रिक बोल्ट (फिरवला की कोन बदलणारा) टाकतात, तो ओरिजिनलपेक्षा बारीक असतो, त्यामुळे क्लॅम्पिंग म्हणजे आवळण्याचा जोर कमी, आणि चिकट टायरवर जोरात कर्ब घेतला की घसरतो. स्टीअरिंग अचानक वाकडं झालं असं सांगणाऱ्या माणसाला मी आधी हा बोल्ट बघायला सांगतो. कॅम्बर प्लेट असेल तर इथे ओरिजिनल जाड बोल्टच ठेवा आणि कॅम्बर वरूनच घ्या.

लिंक रॉड ठीकठाक. हलके आहेत, लांबी बदलता येते, पण छोटे बॉल जॉइंट लवकर ढिले झाले. स्वस्तातला पार्ट आहे, खटखट करतो पण गाडी सुरक्षित राहते, बदलायचा आणि पुढे जायचं.

पॉलीयुरेथेन बुशवर दोन मतं ऐकायला मिळतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. जो बुश एकाच अक्षात फिरतो, म्हणजे अँटिरोल बारचा किंवा साध्या लोअर आर्मचा पुढचा, तिथे पॉली मस्त, गाडी लगेच धारदार वाटते. पण जिथे आर्म एकाच वेळी फिरतो आणि पिळलाही जातो, ट्रेलिंग आर्मसारखा (चाकापासून पुढे बॉडीला जोडलेला आर्म), तिथे पॉली अडकतो, सस्पेन्शन मोकळं हलत नाही आणि तो सगळा जोर बॉडीच्या माउंटिंगवर जातो. बीएमडब्ल्यू ई46 च्या मागच्या सबफ्रेमपाशी (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीपाशी) पत्रा फाटणं हे तर सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं, ते ओरिजिनल रबरावरही होतं, तिथे आधी मजबुतीच्या प्लेट वेल्ड करा आणि मग कडक बुशचा विचार करा. रबरी बुश नवीन टाकत असाल तर बोल्ट शेवटचा टाइट करताना चाकं जमिनीवर असू द्या, हवेत लटकत असताना टाइट केला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, मग दोष पार्टवर जातो.

आज परत घ्यायचं झालं तर हाच किट घेईन, पण टॉप माउंट रोजच्या रस्त्यासाठी रबराचे मागवेन आणि पिलोबॉल घेतलेच तर बेअरिंगची एक जोडी पहिल्याच ऑर्डरमध्ये. तुम्ही कुठल्याही कंपनीचं घेताना विक्रेत्याला नॉबला किती क्लिक आहेत हे विचारू नका, सील, बेअरिंग, लॉक रिंग आणि स्प्रिंग सुट्टी मिळते का, आणि रीबिल्ड कोण करतं, किती दिवसात करतं हे विचारा. उत्तर द्यायला अडखळला तर दुसरा किट बघा.