टास्क वनचा तक्ता: ओळीने उतरवावा की जुळवून मांडावा?

माझी डिचोलीची भाची नर्स आहे. ब्रिटनमधल्या नर्सिंग नोंदणीसाठी तिला आयईएल्टीएस अ‍ॅकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला 6.5 हवेत आणि बाकी तिन्ही भागांत 7. निबंधाचं तिला भय नाही, तिचं घोडं अडतं ते टास्क वनच्या तक्त्यापाशी. टास्क वन म्हणजे रायटिंगचा पहिला प्रश्न: दिलेल्या तक्त्याचं वर्णन वीस मिनिटांत, निदान 150 शब्दांत. "मावशी, ओळीने लिहीत सुटू की आधी जुळवाजुळव करू?" हा प्रश्न तिने इतक्यांदा विचारला, की शेवटी मी एकच तक्ता घेऊन दोन्ही रीतींनी लिहून बघायचं ठरवलं.

तक्ता घरचाच घेतला. जनगणनेतलं साक्षरतेचं प्रमाण, सात वर्षांवरच्या लोकांचं, टक्क्यांत:

गोवा, पुरुष: 2001 मध्ये 88.42, 2011 मध्ये 92.65
गोवा, स्त्रिया: 75.37, मग 84.66
महाराष्ट्र, पुरुष: 85.97, मग 88.38
महाराष्ट्र, स्त्रिया: 67.03, मग 75.87

आठच आकडे. परीक्षेत बहुधा याहून जास्त असतात.

ओळीने लिहिणारा पहिल्या ओळीपासून सुरू करतो. गोव्यात पुरुषांचं प्रमाण इतकं होतं, ते इतकं झालं. स्त्रियांचं इतकं होतं, ते इतकं झालं. मग महाराष्ट्र, पुन्हा तेच. या रीतीचा फायदा खरा आहे: आकडा सुटत नाही, विचार करायला थांबावं लागत नाही आणि 150 शब्द आपोआप भरतात. वीस मिनिटांतली पंधरा पुरतात. इंग्रजी वाक्य जुळवताना ज्याला घाम फुटतो, त्याला हा मोठाच आधार. पण वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आलेल्या बाईने मासळीचा भाव टोपलीगणिक म्हणून दाखवावा, तसं होतं. इसवण महाग होती की बांगडे स्वस्त, ते ऐकणाऱ्यानेच ताडायचं.

आणि परीक्षकाच्या मोजपट्टीत ही खोड नेमकी नोंदलेली आहे. तपशील यंत्रासारखा सांगणं हे बँड 5 चं लक्षण (बँड म्हणजे गुणांची पायरी). बँड 7 ला स्पष्ट ओव्हरव्ह्यू लागतो, म्हणजे तक्त्याचं एकूण चित्र सांगणारी एक-दोन वाक्यं. अर्थात हा फटका चारपैकी एकाच निकषाला बसतो. शब्दसंपत्ती, व्याकरण आणि मांडणी यांचे गुण वेगळे. पण 6.5 च्या काठावर उभ्या असलेल्या मुलीला एक निकषही पुरतो बुडवायला.

जुळवून लिहिणारा पहिली चार मिनिटं लिहितच नाही. पेन्सिलीने फरक काढतो. गोव्यात स्त्री-पुरुषांमधलं अंतर 13.05 वरून 7.99 वर आलं, महाराष्ट्रात 18.94 वरून 12.51 वर. दोन्हीकडे स्त्रियांची वाढ पुरुषांच्या दुपटीहून जास्त. आणि एक गोष्ट, जी ओळीने वाचताना मला स्वतःला दिसली नव्हती: 2011 चा महाराष्ट्र जवळजवळ 2001 च्या गोव्याच्या जागी उभा आहे. पुरुष 88.38, तिकडे 88.42. स्त्रिया 75.87, तिकडे 75.37. हे एक वाक्य ओव्हरव्ह्यूत गेलं, की परीक्षकाला कळतं, या मुलीने तक्ता वाचला आहे, नुसता उतरवलेला नाही.

मग जुळवूनच लिहावं, झालं? इथे मी जरा हात आखडता घेते. ओळीने लिहिणाऱ्याची चूक लहान असते, एखादा आकडा इकडचा तिकडे. जुळवून लिहिणाऱ्याची चूक अख्खं वाक्य खोटं करते. भाचीच्या पहिल्या मसुद्यात अशा तीन सापडल्या.

पहिली: "गोव्यात स्त्रियांची साक्षरता 9 पर्सेंटने वाढली." 75.37 वरून 84.66 म्हणजे सुमारे 9.3 पर्सेंटेज पॉइंटची वाढ. पर्सेंटमध्ये काढली तर ती बारांच्या वर जाते. पॉइंट हा शब्द गाळला, की विधानच बदलतं.

दुसरी: "महाराष्ट्रापेक्षा गोव्यात जास्त स्त्रिया साक्षर आहेत." 2011 मध्ये गोव्याची सगळी लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, महाराष्ट्राची सव्वा अकरा कोटींच्या. प्रमाण जास्त आहे, संख्या नव्हे. इंग्रजीत "नंबर" आणि "प्रपोर्शन" यांची अशी गल्लत आपल्याकडे फार होते, कारण बोलताना आपण दोन्हीला "जास्त" म्हणून मोकळे होतो.

तिसरी: "गोव्यात शाळा जवळ असल्यामुळे." खरं असेलही, पण तक्त्यात नाही. मासळीच्या तक्त्यात जून-जुलैचा आकडा कोसळलेला दिसला, तर आपल्या हाताला मासेमारीबंदीचं कारण लिहायची खाज सुटणारच. किनाऱ्यावरच्या पोराला 1 जून ते 31 जुलै कुणी शिकवावं लागत नाही. टास्क वनमध्ये ते लिहायचं नाही.

आता निवड. लक्ष्य 5.5 किंवा 6 असेल, इंग्रजी अजून अडखळत असेल आणि परीक्षा दोन आठवड्यांवर असेल, तर ओळीने लिहा; फक्त सुरुवातीच्या वाक्यानंतर दोन ओळींचा ओव्हरव्ह्यू घाला आणि प्रत्येक ओळीत एक तरी तुलना येऊ द्या. 6.5 किंवा त्याहून वर जायचं असेल, तर जुळवून लिहिण्याला पर्याय मला दिसत नाही. तक्ता एकाच वर्षाचा असेल तर सगळ्यांनीच जुळवावं, कारण तिथे वाढ-घट नसतेच. "रोज" (rose, वाढलं) आणि "फेल" (fell, घटलं) ही इंग्रजी क्रियापदं चुकूनही येता कामा नयेत. फक्त वेळ पाळा. टास्क टूचं, म्हणजे निबंधाचं, वजन दुप्पट आहे, त्याची चाळीस मिनिटं तक्त्याने खाल्ली तर जुळवाजुळव कितीही सुरेख असो, सौदा तोट्याचा.

भाचीने परवा हाच तक्ता जुळवून लिहिला. शब्द 168, मिनिटं 22. जास्तीची दोन कुठे गेली तेही सापडलं: पहिल्या परिच्छेदात ती प्रश्नच शब्द फिरवून दोनदा लिहीत होती.