जुनी नोव्हा: ३५० नव्याने बांधावं की एलएस बसवावं?

१९६८ ते १९७४ मधली शेव्हरोलेची नोव्हा घ्यायचं मनात पक्कं झालं की पुढचा प्रश्न इंजिनाचा येतो. आपल्या ऐपतीत बसणाऱ्या बहुतेक गाड्यांमधलं स्मॉल ब्लॉक, म्हणजे शेव्हरोलेचं जुनं व्ही-८ इंजिन (त्यातलंच एक ३५०, म्हणजे ३५० घनइंचांचं), थकलेलं असतं. सकाळी निळा धूर, इंजिन तापलं की ऑइल प्रेशर खाली. मग तेच उतरवून नीट बांधायचं, की जंकयार्डमधल्या एखाद्या ठोकलेल्या सिल्व्हराडो ट्रकचं ५.३ लिटरचं एलएस, म्हणजे त्याच कंपनीचं नव्या पिढीचं व्ही-८, आणून बसवायचं? मी एकाच गाडीत दोन्ही केलंय. माझी १९७२ ची नोव्हा सहा वर्षं ३५० वर चालली, आता चार वर्षं एलएसवर चालतेय. राहतो सॅक्रामेंटोला, म्हणजे उन्हाळ्यात पारा सहज १०० फॅरनहाइटच्या वर. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं बरंचसं त्यावरच ठरलं.

त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली, आकडे. ब्लॉकवर प्रवाशाच्या बाजूच्या हेडच्या पुढे एक सपाट पट्टी असते, तिथे कोरलेला क्रमांक गाडीच्या व्हीआयएनशी, म्हणजे ओळख क्रमांकाशी, जुळतो का पाहा. १९७२ पासून व्हीआयएनमध्येच इंजिनाचं अक्षर असतं, त्यामुळे गाडी कारखान्यातून काय घेऊन निघाली हे कळतं. खरीखुरी एसएस (सुपर स्पोर्ट, नोव्हाचं जोरकस मॉडेल) असेल आणि तिचं स्वतःचं ३५० अजून पोटात असेल, तर माझ्या मते चर्चाच नको. ते इंजिन जपा. पण बऱ्याच नोव्हा मुळात सहा सिलिंडर किंवा लहान ३०७ व्ही-८ घेऊन निघाल्या होत्या आणि मधल्या पन्नास वर्षांत कुणी ना कुणी त्यात दुसरं काहीतरी टाकलेलं असतं. माझ्या गाडीचंही तसंच होतं. तिच्यातलं ३५० आधीच्या कुठल्यातरी मालकाने टाकलेलं, त्यामुळे ते काढताना मन खाल्लं नाही.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग, म्हणजे धुराच्या प्रदूषणाची, तपासणी नाही. १९७६ पासून आहे, आणि त्या गाडीत दुसरं इंजिन टाकलंत तर ते गाडीच्याच सालचं किंवा नंतरचं हवं, आपली सगळी प्रदूषण-यंत्रणा सोबत घेऊन आलेलं हवं, आणि वर सरकारी रेफरीकडून पास व्हायला हवं. म्हणून १९७४ ची नोव्हा आणि १९७८ ची नोव्हा या एकाच नावाच्या गाड्या असल्या तरी इंजिन बदलणाऱ्यासाठी दोन वेगळे प्रश्न आहेत. पत्रा थोडा जास्त गंजलेला चालेल, पण साल १९७५ च्या आतलं घ्या, असं मी तरी म्हणेन.

ताकदीबद्दल फार बोलत नाही. नीट बांधलेलं ३५० या वजनाच्या गाडीला पुरून उरतं. १९७२ च्या माहितीपत्रकातले आकडे बघून निराश होऊ नका. त्या वर्षी ग्रॉसऐवजी (नुसत्या इंजिनाच्या) नेट (गाडीतल्या जोडसामानासकट मोजलेली) हॉर्सपॉवर द्यायची पद्धत आली, त्यामुळे कागदावरची घसरण रस्त्यावरच्या घसरणीपेक्षा मोठी दिसते.

आता ३५० ची बाजू, आणि ती मनापासून मांडतो, कारण ते इंजिन मी स्वतःच्या हाताने बांधलं होतं. १९५५ साली २६५ म्हणून सुरू झालेल्या घराण्यातलं हे इंजिन. याचा प्रत्येक नट-बोल्ट अजून मिळतो, कुठल्याही मशीन शॉपला ते तोंडपाठ आहे, आणि गाडीत ते अलगद परत बसतं. तेच माउंट, तोच गिअरबॉक्स, तेच एग्झॉस्ट. काढल्यापासून परत रस्त्यावर यायला मला शनिवार-रविवार धरून अडीच महिने लागले. कॅमबाबत मात्र जपा. फ्लॅट टॅपेट कॅमला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्याचे उंचवटे म्हणजे लोब सपाट टॅपेटवर घासत फिरतात) हल्लीच्या ऑइलमधलं जस्त कमी पडतं. पहिल्या वीस मिनिटांत चूक झाली तर लोब घासून जातात आणि त्याचा कीस सगळ्या इंजिनात फिरतो. रोलर कॅम (घासण्याऐवजी छोट्या चाकांवर चालणारा) बसवायचा खर्च केलात तर ही धाकधूक संपते.

आणि आवाज. स्मॉल ब्लॉकचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२, एलएसचा १-८-७-२-६-५-४-३. तेवढ्यानेच फरक पडतो असं ठामपणे म्हणणार नाही, पण तेच मफलर, तेच पाइप ठेवूनही माझ्या कानाला दोन्ही वेगळी लागतात. जुन्याचा आवाज जाडसर, ओला. एलएसचा जरा कोरडा, टोकदार. आजही सिग्नलला एखादी जुनी शेव्हरोले शेजारी येऊन थांबली की मी काच खाली करतो.

मग ते कशासाठी काढलं?

गाडी दुसऱ्यांदा सुरू होत नव्हती म्हणून. पहिल्यांदा व्हायची, रोज व्हायची. थंड इंजिन, पायाने दोनदा पंप, एक सेल्फ, चालू. अडचण यायची ती तापलेली गाडी बंद करून दहा-पंधरा मिनिटांनी परत किल्ली फिरवली की. पेट्रोल भरून, दुकानातून दूध घेऊन, मुलीला शाळेतून आणताना. पाच मिनिटांत परत आलात तर चालू, दोन तासांनी आलात तरी चालू. मधल्या वेळात आलात की सेल्फ फिरतोय, फिरतोय आणि पेट्रोलचा वास येतोय.

कारण साधं आहे आणि त्यात इंजिनाचा दोष नाही. ते ज्या पेट्रोलसाठी घडवलं ते पेट्रोल आता मिळत नाही. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं आणि ते लवकर उकळतं. कार्ब्युरेटर बसतो थेट मॅनिफोल्डवर (हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग), आणि त्या मॅनिफोल्डच्या पोटातून थंडीत मदत व्हावी म्हणून एग्झॉस्टची गरम वाट काढलेली असते. गाडी चालू असेपर्यंत नवं पेट्रोल येत राहतं, हवा फिरत राहते. बंद केली की खालची धग वर चढते आणि फ्लोट बाउलमधलं (कार्ब्युरेटरच्या पेट्रोलच्या वाटीतलं) पेट्रोल चक्क उकळून घशात सांडतं. आधी इंजिन ओव्हरफ्लो, आणि ते निस्तरेपर्यंत बाउल रिकामा. वसंतातले पहिले तापलेले दिवस सगळ्यात वाईट, कारण टाकीत अजून हिवाळी मिश्रण असतं आणि ते मुद्दामच लवकर वाफ होणारं बनवतात.

असाच एप्रिलमधला एक दिवस. आय-५ हायवेवरून लॉस एंजेलिसकडे निघालो होतो. ग्रेपव्हाइनचा चढ, जिथे इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा अशा पाट्या लावलेल्या आहेत. वर घाट सुमारे ४,१०० फुटांवर. उंचीवर पेट्रोल आणखी लवकर उकळतं. गॉर्मनला मुलीसाठी थांबलो. ती तेव्हा चार वर्षांची. परत आलो तर गाडी चालू होईना. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, बॉनेट उघडं टाकून थांबलो, कार्ब्युरेटरवर ओला टॉवेल ठेवला. पस्तीस मिनिटं गेली. बायको एक शब्द बोलली नाही, पण पुढच्या लांबच्या प्रवासाला आम्ही दुसरी गाडी काढली. त्याच्या पुढच्याही. जी गाडी मी घरच्यांसोबत फिरायला म्हणून घेतली होती, ती गॅरेजमध्ये एकट्याने पुसायची वस्तू झाली. मला हे फार लागलं.

उपाय केले नाहीत असं नाही. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड फिनॉलिक स्पेसर घातला, मॅनिफोल्डची गरम वाट गास्केटने बंद केली, टाकीकडे परतीची लाइन ओढली, इलेक्ट्रिक पंखा बसवून गाडी बंद झाल्यावरही काही मिनिटं फिरता ठेवला. प्रत्येकाने थोडा फरक पडला. चारही मिळून दहातल्या सात वेळा गाडी मुकाट सुरू व्हायला लागली. थंड प्रदेशात राहत असाल तर एवढं कदाचित पुरेल, आणि मग माझं पुढचं म्हणणं तुम्हाला लागू नाही.

मधली एक वाट आहे: इंजिन तेच ठेवून कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी इंजेक्शन, म्हणजे त्याच जागेवरून कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणं. एका मित्राच्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये ते बसवायला मी मदत केली. गाडी छान चालते. पण त्याने पंप टाकीबाहेर फ्रेमवर लावला होता आणि उन्हाळ्यात तो पंपच वाफेने अडकायला लागला. शेवटी टाकी उतरवून पंप आत टाकावा लागला. ती टाकी परत चढवताना मनात आलं, की नवी टाकी, आतला पंप, जास्त दाबाची लाइन, कॉम्प्युटर, सेन्सर हे सगळं करायचंच असेल, तर एलएसचं निम्मं काम इथेच झालंय.

एलएसमध्ये पेट्रोल ५८ पीएसआय दाबाखाली उभं असतं. कुकरमधलं पाणी जसं शंभर अंशांवरही उकळत नाही, तसंच. उकळायला उघडा बाउलच नाही. चार वर्षांत एकदाही ती दुसरी किल्ली वाया गेलेली नाही. ग्रेपव्हाइनवर नाही, ऑगस्टमध्ये नाही.

पण ते बसवणं सोपं आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग आणि कॉम्प्युटर मला एकाच ठोकलेल्या ट्रकमधून मिळाले आणि ते स्वस्तात पडले. त्याच्या दुपटीहून जास्त पैसे बाकीच्या सामानावर गेले. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, ते नोव्हाच्या क्रॉसमेंबरला आणि स्टिअरिंगच्या दांड्यांना आडवं येतं, म्हणून वेगळं पॅन. ट्रकचा एसी कॉम्प्रेसर खाली असतो, तो सबफ्रेमला, म्हणजे पुढच्या सांगाड्याला, भिडतो, म्हणून त्याची जागा बदला. सुदैवाने हा सबफ्रेम १९६७ ते ६९ च्या कॅमॅरोचाच असल्याने तयार माउंट आणि हेडर भरपूर मिळतात. जुना टीएच-३५० गिअरबॉक्स ठेवायचा तर क्रँकच्या टोकाशी ०.४ इंचाचा स्पेसर लागतो. मी ट्रकचा ४एल६०ई गिअरबॉक्स घेतला, त्याचा चौथा गिअर ०.७० चा, हायवेवर इंजिन शांत फिरतं. (अशा ओव्हरड्राइव्ह गिअरसाठीच इंजिन बदलू नका. ७००आर४ गिअरबॉक्स जुन्या ३५० लाही जोडता येतो.) किल्लीची चोरी-रोधक यंत्रणा कॉम्प्युटरमधून काढून टाकावी लागते, नाहीतर इंजिन चालू होऊन लगेच बंद पडतं. नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक ओळखणारे) इनटेकखाली असतात. इंजिन स्टँडवर असतानाच नवे घाला, नंतर सगळं परत उघडावं लागेल.

वायरिंग मी एका वर्कशॉपला दिलं आणि तिथेच तीन महिने गेले. ते स्वतः केलं असतं तर बरं झालं असतं. कागदावर एकेक तार खूण करत गेलं तर ते वाटतं तितकं अवघड नाही. गाडी एकूण नऊ महिने रस्त्याबाहेर होती. हे तुमच्या घरात चालेल का, याचा विचार इंजिन आणण्याआधी करा.

ट्रक निवडताना १९९९ ते २००६ मधला पाहा. २००७ पासूनच्या बऱ्याच ५.३ मध्ये चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा आहे, आणि तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) हे सगळ्यांना ठाऊक असलेलं दुखणं. २००३ च्या आधीच्या बऱ्याच इंजिनांचा थ्रॉटल केबलवर चालतो, जुन्या गाडीच्या पेडलला ते सोयीचं पडतं. आणि कुणीतरी अर्धवट सोडलेली एलएस-नोव्हा स्वस्तात दिसली तर मला वाटतं तिच्यापासून लांबच राहावं. मी दोन पाहिल्या. दोन्हींत अवघड तेवढंच काम उरलेलं होतं.

बॉनेट उघडलं की आता प्लॅस्टिकचं मॅनिफोल्ड दिसतं. कार्ब्युरेटरवरचं ते गोल एअर क्लीनर, गरम ऑइलचा वास, कान लावून केलेलं ट्यूनिंग, हे गेलं ते गेलं. माझं ३५० ग्रीस लावून, गुंडाळून स्टँडवर ठेवलंय. विकायला हात धजावत नाही. गाडी वर्षातून सात-आठ वेळा काढणार असाल, तीही संध्याकाळी, जवळपास फिरायला, तर तुम्ही ३५० च बांधावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मात्र घरच्यांना बसवून लांब जायचं असेल, आणि तेही उष्ण भागात, तर ते नऊ महिने मी पुन्हा आनंदाने देईन.

गाडी पाहायला जाल तेव्हा एक करा. विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन तापवून ठेवू नका. थंड गाडी स्वतः सुरू करा, वीस मिनिटं हायवेवर न्या, परत येऊन बंद करा. मग कागदपत्रं बघा, पत्र्याखाली वाका, डिकीतली ओल तपासा, पंधरा मिनिटं बोलण्यात घालवा. त्यानंतर किल्ली फिरवा, आणि सेल्फ किती वेळ फिरतो ते मोजा.