वंशावळीत फोटो लावायचे तर जेपीजी, टिफ की आणखी काही?

आमच्या कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीसाठी फोटो मागवले आणि आठवड्याभरात पाच तऱ्हांच्या फाइली येऊन पडल्या. सांगलीच्या काकांनी दुकानातून स्कॅन करून आणलेल्या टिफ, न्यू जर्सीच्या चुलतबहिणीच्या आयफोनमधल्या एचईआयसी, भाच्याचे पीएनजी स्क्रीनशॉट, एका मोडी खताची पीडीएफ आणि उरलेल्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवरचे जेपीजी. "सॉफ्टवेअरमध्ये सगळं चालतं रे," असं काका म्हणाले. चालतं म्हणजे नेमकं काय, इथेच घोळ आहे.

वंशावळीचं सॉफ्टवेअर ग्रॅम्प्स घ्या. फुकट आहे, विंडोज-मॅक-लिनक्स तिन्हींवर चालतं, देवनागरी नावांची कटकट नाही. पण ते फोटो स्वतःच्या पोटात घेत नाही, फक्त फाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता लिहून ठेवतं. त्यामुळे कुठलीही फाइल जोडा, ते नाही म्हणत नाही. ती छोट्या चौकोनात दिसेल का, छापायच्या अहवालात उतरेल का, हा वेगळा प्रश्न. वेबट्रीज हे दुसरं वंशावळीचं सॉफ्टवेअर मात्र ब्राउझरमध्ये दिसतं, म्हणजे ब्राउझरला जे कळतं तेच नातेवाइकांना दिसणार. क्रोम आणि फायरफॉक्स टिफ दाखवत नाहीत. काकांनी पैसे मोजून केलेलं स्कॅनिंग तिथे कुणाला दिसलंच नसतं.

फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फोटो चढवायचे असतील तर अडसर वजनाचा आहे. तिथे एका फाइलला १५ एमबीची मर्यादा आहे. आता हिशेब करा. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) रंगीत स्कॅन केला की २४८० गुणिले ३५०८ बिंदू, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) टिफ सुमारे २६ एमबीची. चार बाय सहा इंची फोटो ६०० डीपीआयला घेतलात तरी जवळपास तेवढीच. ए-फोर ६०० ला घेतलात तर शंभरच्या वर. तोच कागद चांगल्या प्रतीच्या जेपीजीत चार-पाच एमबीत बसतो.

मग टिफ घ्यायचीच कशाला? कारण जेपीजी प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडी माहिती टाकून देते. आमच्याकडे मुंजीचा एक ग्रुप फोटो आहे, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली स्टुडिओचा उठावदार शिक्का. कुणीतरी तो फिरवला, सेव्ह केला. कुणी उजेड वाढवला, सेव्ह केला. मग तो तीन ग्रुपांवरून फिरून माझ्याकडे आला. मागच्या रांगेतल्या पगड्यांच्या कडेला मुंग्या आल्यासारखे ठिपके दिसत होते आणि शिक्क्यावरचं गावाचं नाव पुसट झालं होतं. काकांच्या टिफमध्ये ते नाव स्वच्छ वाचता येतं. तेव्हा मूळ प्रत टिफ, सॉफ्टवेअरमध्ये जोडायची प्रत जेपीजी, आणि दुरुस्ती नेहमी टिफवर करून नवी जेपीजी काढायची. जागा कितीतरी जास्त जाते हे खरं, पण हार्ड डिस्क आता इतकी महाग राहिलेली नाही.

पीएनजीची बाजू लोक उगाच कमी लेखतात. तीही काही टाकून देत नाही, न दाबलेल्या टिफपेक्षा आटोपशीर असते आणि कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. मोडी कागदाच्या शाईच्या बारीक रेघा नेटवर दाखवायच्या असतील तर मी पीएनजीच घेईन. पीडीएफ चालेल ती पानापानांच्या दस्ताला, वाटणीपत्राला किंवा जुन्या वहीला. माणसाचा चेहरा म्हणून ती लावायला जाल तर बहुतेक ठिकाणी नुसतं चिन्ह दिसतं.

एचईआयसीबद्दल माझं मत साफ आहे: ती दारातच बदलून घ्यायची. २०१७ साली आयओएस ११ पासून आयफोन याच फॉरमॅटमध्ये फोटो काढायला लागले. जागा जेपीजीच्या निम्म्याच्या आसपास लागते म्हणून फोनला ती सोयीची, पण वंशावळीच्या कामात जागोजागी अडते. पाठवणाऱ्याला फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आत नोंदलेली तारीखही जाते. हे मी ग्रुपवर चारदा लिहिलं. मावशीने पाचव्यांदाही फोटोच पाठवला, वर एक हळदीकुंकवाचं निमंत्रण.

फॉरमॅट ठरवताना आणखी एक गोष्ट बघा, जी सॉफ्टवेअर बदलायची वेळ येईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जायचं तर गेडकॉम फाइल लागते, आणि ती साध्या मजकुराची असते. फोटो तिच्यात जात नाहीत, त्यांचे पत्ते जातात. मी पहिल्यांदा गेडकॉम चुलतभावाला पाठवली तेव्हा त्याच्याकडे माणसं सगळी पोचली आणि फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. पत्ते माझ्या डी ड्राइव्हचे होते. अजून जिथे तिथे चालते ती ५.५.१ आवृत्ती १९९९ ची आहे. तिच्या फोटो-फॉरमॅटच्या यादीत बीएमपी, जिफ, जेपीजी, टिफ आहेत, आता कुणी न वापरणारी पीसीएक्ससुद्धा आहे, पण पीएनजी नाही. बरीच सॉफ्टवेअर तरीही पीएनजी लिहितात आणि वाचतात. २०२१ च्या ७.० मध्ये ही यादी गेली आणि फोटोंसकट एकच गठ्ठा करायची सोय आली, तिचं नाव गेडझिप. तुमचं सॉफ्टवेअर ती देत असेल तर उत्तम. ग्रॅम्प्समध्ये फोटोंसकट स्वतःचं पॅकेज काढता येतं, पण ते ग्रॅम्प्सलाच कळतं.

ग्रुप फोटोतले चेहरे चौकोन आखून माणसांना जोडणार असाल तर हेही पाहा. ग्रॅम्प्स तो चौकोन टक्क्यांत लिहून ठेवतं, म्हणून उद्या मोठ्या टिफच्या जागी लहान जेपीजी ठेवली तरी चौकोन चेहऱ्यावरच राहतो, फक्त कडा कापलेल्या नसाव्यात. गेडकॉम ७.० मध्ये तोच चौकोन पिक्सेलमध्ये मोजतात. तिथे फोटो लहान केलात की आजोबांच्या नावावर शेजारच्याचा खांदा येतो. आधी आकार ठरवा, मग चेहरे आखा.

फाइलींची नावं मी सुरुवातीला हौसेने देवनागरीत दिली होती. 'कऱ्हाडचं घर' हा फोटो एका नातेवाइकाच्या जुन्या मॅकवरून सुधारून परत आला, तर माझ्या विंडोजवर एकाच फोल्डरमध्ये अगदी त्याच नावाच्या दोन फाइली बसल्या. असं व्हायला नको, म्हणून तासभर डोकं खाजवलं. शेवटी कळलं की 'ऱ' दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक सलग अक्षर, नाहीतर 'र' आणि खाली टिंब (नुक्ता). २०१७ च्या आधीची मॅकची फाइल व्यवस्था तो फोडून ठेवायची. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, विंडोजला वेगळे. आता आमच्या फाइलींना नुसते आकडे आहेत, शाखा, पिढी आणि क्रमांक. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करतो, तिला तोच आकडा आणि पुढे एक शून्य. 'ऱ' राहिलाय फक्त फोटोखालच्या ओळीत.